नखं येईपर्यंत थांबलेला कोट

माझ्या बायकोला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. त्या दुपारी माझ्या सुनेने बोटांवर बसवलेली दहा अ‍ॅक्रिलिकची नखं एकामागून एक उचकटून काढली. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आतून कट् कट् असा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, शेंगा फोडतेय. तासाभराने ती दोन्ही हात पुढे धरून बाहेर आली.

"बाबा, निघाली," ती म्हणाली. "पण जरा जास्तच निघाली."

मी चष्मा लावला. खोट्या नखांबरोबर खऱ्या नखांचा वरचा थरही निघून आला होता. उरलं होतं ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं. मधे पांढरे चट्टे, दोन बोटांवर लाल डाग आणि कडा तर फुंकरीने वाकतील अशा. तिने अंगठ्याने तर्जनीचं नख दाबून दाखवलं. ते आत गेलं आणि ती कळवळली.

"कशाने काढलंस हे?"

"आईंच्या उकलायच्या सुईने."

यावर मला रागावता येईना. माझी बायको रफूचं काम करायची. फाटलेल्या, जळलेल्या, कसरीने खाल्लेल्या कपड्यांची भोकं ती त्याच कपड्याच्या धाग्यांनी पुन्हा विणून भरायची. चाळीस वर्षं तिने घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर हे काम केलं. तिच्याकडे एक चपट्या टोकाची सुई होती. काहीही उकलायचं झालं की ती सुई खालून सरकवायची आणि हलकेच उचलायचं. शिवण असो, बटण असो, बाटलीवरचं लेबल असो, आमच्याकडे सगळं त्या सुईने निघायचं. दुसऱ्या घरची मुलगी असती तर नखं बसवून घेतली त्या पार्लरमध्ये जाऊन ती द्रावणात भिजवून, मऊ करून काढून घेतली असती. आमची पोर या घरात राहून शिकली होती. तिने सुई सरकवली आणि उचललं.

"पार्लरवाली शनिवारशिवाय वेळ देत नव्हती," ती म्हणाली. "म्हटलं, दहा नखांसाठी चार दिवस कशाला थांबायचं?"

त्या चार दिवसांच्या घाईपायी पुढे किती थांबावं लागणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

घाई होती ती एका कोटासाठी. राखाडी लोकरीचा, माशाच्या काट्यासारख्या विणीचा जुना कोट. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या वडिलांचा. वडील हयात नव्हते. बाईंच्या मुलीचं लग्न सहा महिन्यांवर होतं आणि त्या दिवशी त्यांच्या भावाने हा कोट घालायचा असं ठरलं होतं. कोटाच्या समोरच्या बाजूला, खिशाच्या वर, ठिणगी पडून मोठ्या बटणाएवढं भोक पडलेलं. माझ्या बायकोने ते काम घेतलं तेव्हा तिचं दुखणं सुरू झालेलं होतं. चौतीस ओळींपैकी एकोणीस ओळी तिने विणल्या. विसावी राहिली.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. एकाने अर्धवट सोडलेलं रफू दुसरा रफूवाला पुढे नेत नाही. प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी असते. कोणी धागा घट्ट ओढतो, कोणी सैल. दोन हात एका भोकात आले की कापड मधेच आवळतं नाहीतर फुगतं. म्हणून दुसरा माणूस आधीचं सगळं उकलून टाकतो आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. म्हणजे तो कोट दुसरीकडे गेला असता तर माझ्या बायकोच्या हातचं शेवटचं काम कात्रीखाली गेलं असतं. हे मी कोणाला बोललो नव्हतो. सुनेने ओळखलं होतं.

"दुसऱ्याचा हात चालत नाही ना?" ती म्हणाली. "मी दुसरी कुठे आहे? मी त्याच हाताखाली शिकलेय."

हे खरं होतं आणि नव्हतंही. मुलाचं लग्न झाल्यापासून तीन वर्षं, दर सुट्टीच्या दिवशी सकाळी ती सासूजवळ बसायची. ओळ बसवायला शिकली, ताण धरायला शिकली. पण बारीक काम तिला कधी करता आलं नाही, कारण बोटांवर ती लांब नखं. ती एका मोठ्या दुकानात घड्याळं आणि अत्तरांच्या काउंटरवर उभी राहायची. तिथे गिऱ्हाईक आधी हात बघतं. दर तीन आठवड्यांनी ती नखांच्या मुळाशी वाढलेली फट भरून घ्यायची, नवा रंग घ्यायची. माझी बायको तिला वाघीण म्हणायची.

"आली का वाघीण? पंजे बाहेर ठेव आणि मग माझ्या लोकरीला हात लाव."

"आई, दुकानात याच पंज्यांकडे बघून लोक घड्याळं घेतात."

"घेतील हो. न घेतली तर ओरबाडशील म्हणून घेत असतील."

दोघी हसायच्या. पण काम बारीक झालं की बायको सुई काढून घ्यायची. रफूला नखं लागतात. डाव्या अंगठ्याच्या नखाने नवीन ओळ आधीच्या ओळीला टेकवायची असते, उजव्या तर्जनीच्या नखाने एकेक उभा धागा उचलायचा असतो. ती नखं आखूड, जाड आणि चमच्याच्या पाठीसारखी गुळगुळीत हवीत. माझी बायको रोज कामाला बसण्याआधी दहाही बोटं रेशमाच्या एका तुकड्यावरून फिरवायची. कुठे एवढंसं जरी अडकलं तरी त्या दिवशी लोकरीला हात नाही. चरा पडलेलं नख धाग्याचा एक तंतू ओढतं, आणि एक तंतू ओढला गेला की गेली ओळ.

तर नखं काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेने रेशमाचा तुकडा घेतला आणि बोटं फिरवली. दहाच्या दहा अडकली. तिने तुकडा घडी करून डब्यात ठेवला, आणि पुढचे पाच महिने एक दिवस न चुकता तो रोज बाहेर काढला.

*

कातडीच्या डॉक्टरीणबाई उंच, घाईत असलेल्या आणि बोलायला तिखट होत्या. त्यांनी सुनेची बोटं दिव्याखाली धरली.

"हे काय, सुरीने सोललंत की काय?"

"सुईने."

"शाबास. आणि आता काय हवंय?"

"पुन्हा होती तशी हवीत. तीन महिन्यांत."

डॉक्टरीणबाई हसल्या. "बाळ, नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तुझ्याही आणि राणीच्याही बोटाला. मुळापासून टोकापर्यंत नवीन यायला पाच ते सहा महिने. बाहेर जे दिसतंय ते मेलेलं असतं, त्याला मी जिवंत करू शकत नाही. ते फक्त जपायचं. आणि मुळाशी जे बनतंय, ते बिघडू द्यायचं नाही."

मी मधे तोंड घातलं. मी आयुष्यभर लाकडी सामानाला पॉलिश केलेलं. "वरून काही कडक लेप लावता येणार नाही का? मिळतात म्हणे बाटल्या."

"लावा ना. मऊ फांदी वाकते, कडक फांदी मोडते. पातळ नखावर कडक लेप दिला की ते वाकायचं सोडून तुटायला लागतं."

मला लाज वाटली, कारण हे मला माहीत होतं. पोचट लाकडावर जाड लाख चढवली की पहिल्याच उन्हाळ्यात तडे जातात.

त्यांनी सांगितलेलं सगळं साधं होतं. नखं अगदी आखूड ठेवायची. कानस बारीक हवी आणि ती एकाच दिशेने चालवायची, करवतीसारखी मागेपुढे नाही. दिवसातून तीन-चार वेळा तेल, तेही मुळाशी. सतत पाण्यात हात नको, साबणाचं पाणी तर नकोच. मुळाची कातडी कापायची नाही. नख हे अवजार नाही, त्याने डबे उघडायचे नाहीत. रक्त तपासलं तर लोह थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या आणि नीट जेवायला सांगितलं. एवढंच. फक्त ते न कंटाळता करत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी चाळीस वर्षं लाकडाबरोबर काढली, मला विचारा न कंटाळता एकच हात फिरवत राहणं काय असतं ते.

घरी येताना मी म्हटलं, "मी तुझ्या नखांना पॉलिश करून दिलं असतं, पण—"

"बाबा, मी खुर्ची आहे का?"

कितीतरी दिवसांनी मी रस्त्यात हसलो.

*

दुसऱ्या दिवसापासून भांडी माझ्याकडे आली. मी ती पूर्वी कधी घासली नव्हती, आणि हे सांगताना मला अभिमान वाटत नाही. पहिल्या आठवड्यात दोन कप फुटले. माझा मुलगा मालवाहू जहाजावर असतो. सुनेने स्पीकरवर लावलेल्या फोनवर त्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "बाबा भांडी घासतायत? थांब, फोटो पाठव, खलाशांना दाखवतो." मग म्हणाला, "आईने बघायला हवं होतं."

"तिने बघितलं असतं तर परत घासायला लावली असती," मी म्हटलं.

सून कपडे धुताना आतून सुती आणि वरून रबरी मोजे घालायची. दुकानात तिने मॅनेजरला हात दाखवले. त्या हातांना काउंटरवर उभं राहता येणार नव्हतं. तिला मागे माल मोजायला पाठवलं, आणि तिने ते हूं की चूं न करता घेतलं. पण खोकी उघडायची तिथे. तिने एका काडीला टोक काढून ती खिशात ठेवली, चिकटपट्टीखाली सरकवायला. नख कुठेही लावायचं नाही. माणूस नखांनी दिवसभरात किती काय काय करतो, हे मला तिच्याकडे बघून कळलं. दिव्याचं बटण, पाकिटाची कड, पाठीची खाज, नाणं उचलणं, पुस्तकाचं पान. ती हे सगळं बोटाच्या मांसाने करायला शिकली, लहान मूल शिकतं तशी.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपण्याआधी. चार वेळा बदामाच्या तेलाचा एकेक थेंब, प्रत्येक नखाच्या मुळाशी, गोल गोल. मी घड्याळ न बघता सांगू शकायचो किती वाजले.

महिन्याभराने मुळाशी एक बारीक पायरी दिसायला लागली. खालचं नवीन नख जाड, गुलाबी, वरचं जुनं पापुद्र्यासारखं, आणि दोघांच्या मधे आडवी रेघ. मी माझी पोलादी पट्टी काढली. दर रविवारी सकाळी खिडकीत ती हात ठेवायची आणि मी मोजायचो.

"करंगळी अडीच. अंगठा साडेतीन."

"अंगठा पुढे पळतोय."

"त्याला काम ठाऊक आहे."

मधल्या काळात शाळेच्या बाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा तीन महिने झाले होते. कोट खुंटीवर, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. बाई स्वभावाने भिडस्त. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाईट वाटतं विचारायला. पण बाजारात एक जण आहे. तो म्हणतो, आठ दिवसांत करून देतो. फक्त आधीचं काढून टाकावं लागेल म्हणाला."

मी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

सूनबाईने विचारलं, "लग्न कधी आहे?"

"अजून अकरा आठवडे."

"आठ आठवड्यांनी मी कामाला बसेन. लग्नाआधी आठवडाभर तुम्हाला कोट मिळेल. नाही मिळणार असं मला वाटलं तर मी स्वतः तो त्या माणसाकडे पोचवीन, त्याला आठ दिवस उरतील अशा बेताने."

बाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं. "तुमच्या सासूबाईंसारखं होईल?"

"त्यांच्या नखाची सर यायला आधी नख तर यायला हवं," ती म्हणाली. बाई हसल्या आणि चहा घेऊन गेल्या. कोट राहिला.

*

त्यानंतर दोन आठवड्यांनी डाव्या अंगठ्याचं नख चिरलं. काही मोठं कारण नव्हतं. फडताळाचं दार लागताना हात मधे आला. नवीन नख अर्ध्याच्या वर आलं होतं, आणि चीर जुन्या भागातून सुरू होऊन बरोबर नव्या भागात उतरली होती. तोच अंगठा, जो ओळ बसवतो.

ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. मीच म्हणालो, "जाऊ दे पोरी. देऊन टाकू कोट. तू जेवढं केलंस तेवढं पुष्कळ झालं."

"चीरच आहे ना?" ती म्हणाली. "भोक नाही."

मग तिने जे केलं ते मी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. सासूच्या चिंध्यांच्या डब्यातून तिने पांढऱ्या रेशमाचा तांदळाएवढा तुकडा कापला, कडा एकेक धागा काढून विरळ केल्या. नखाला लावायचा डिंक पार्लरवाल्यांकडून आणला. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या, चिमट्याने रेशीम वर ठेवलं, डिंकाचा थेंब दिला, सुकू दिला, पुन्हा एक थेंब. सुकल्यावर एकाच दिशेने कानस, अगदी अलगद. चीर कुठे होती ते बोट फिरवून कळेना. तिने स्वतःच्या नखाला रफू केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि पहिल्यांदाच घाई विसरल्या. "हे तुला कोणी शिकवलं?"

"नखाचं कोणीच नाही. कापडाचं शिकवलंय."

"बरं. काढायची वेळ येईल तेव्हा काय करशील?"

"भिजवीन, आपोआप सुटेपर्यंत थांबेन. उचलणार नाही."

"मग मी आता तुला काय शिकवू?" असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

ते ठिगळ तिने तीनदा बदललं. दर वेळी भिजवून, वाट बघून. चीर हळूहळू वर सरकत गेली, एक दिवस टोकाला पोचली आणि कापून टाकता आली. पाचव्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी तिने रेशमाचा तुकडा काढला, दहा बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मला हाक मारली. तुकडा पाण्यासारखा बोटांखालून वाहत होता. कुठे अडकत नव्हता.

मी तिच्या नखांकडे पाहिलं. आखूड, गुलाबी, चमचमाट नसलेली. मी पुष्कळ चांगल्या पॉलिशची लाकडं पाहिली आहेत. इतकं चांगलं काही पाहिलं नव्हतं.

*

ती टेबलावर बसली. कोट चौकटीत ताणला, दिवा ओढला, भिंग लावलं. आणि पहिला धागा घालायच्या आधी बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, जरा इकडे या."

"काय झालं?"

"शेवटच्या सहा ओळी सैल आहेत. चौदावीपासून एकोणिसावीपर्यंत. आईंच्या नाहीत त्या."

"तिच्याच आहेत. मी बघितल्यात विणताना."

"त्यांनी विणल्यात. पण हात त्यांचा नव्हता. औषधाने बोटं बधिर झाली होती ना त्यांची. या ओळी राहिल्या तर पुढे मी कितीही नीट विणलं तरी वाफ दिल्यावर कापड फुगेल. त्या उकलाव्या लागतील."

त्या सहा ओळी मला पाठ होत्या. शेवटच्या महिन्यात एका दुपारी तिने हट्टाने बसवून घेतलं होतं. मी पाठीमागे उशा लावल्या. सुईत धागा मी ओवून दिला, कारण तिला भोक दिसत नव्हतं. दिवा मी धरला. चार तासांत सहा ओळी झाल्या. नंतर ती म्हणाली, "बास, आता उद्या." तो उद्या आला नाही.

मी सुनेला म्हणालो, "त्या ओळींना हात लावायचा नाही."

"बाबा—"

"याच्यासाठीच तर कोट ठेवून घेतला ना? उकलायचंच होतं तर बाजारातला माणूस काय वाईट होता?"

मी असं बोललो. पाच महिने जिने माझ्या बायकोच्या कामासाठी नखाने नाणं उचललं नाही, तिला मी असं बोललो.

ती म्हणाली, "बरं." कोटावर पांढरं कापड घातलं आणि उठली. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर बसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुकानातून यायची, जेवायची, तेल लावायची. माझ्याशी नेहमीसारखंच बोलायची, कोटाचा विषय सोडून. लग्न अडीच आठवड्यांवर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला गेल्यावर मी कापड बाजूला केलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मला रफूतलं कळत नाही, पण सरळ रेघ कळते. पहिल्या तेरा ओळी जणू यंत्राने आखलेल्या. चौदावीपासून रेघ वाकायला लागली. सतराव्या ओळीत एक उभा धागा उचलायचा राहून गेला होता. एकोणिसावी तर खाली ओघळली होती. मी तिथे चार तास दिवा धरून बसलो होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. मला फक्त ती दिसत होती.

तिला स्वतःला दिसलं असणार. म्हणूनच "आता उद्या" म्हणाली असेल. उद्या तिने पहिलं काम उकलायचंच केलं असतं, हे मला आता पक्कं वाटतं. चाळीस वर्षांत तिने एक वाकडी ओळ गिऱ्हाईकाला दिली नव्हती.

संध्याकाळी सून आली, तिने चप्पल काढायच्या आत मी म्हणालो, "उकल."

"नक्की?"

"मी भिंगातून पाहिलं. तुझं बरोबर आहे. मी उगाच तोंड सोडलं."

"तुमचं चुकलं नाही बाबा. मलाच धीर होत नव्हता उकलायचा."

"आणि मी नाहीच म्हणालो असतो तर? तशाच ठेवल्या असत्यास?"

"नाही," ती म्हणाली. "उद्या कोट त्या माणसाकडे पोचवणार होते. बाईंना तसा शब्द दिला होता. फुगलेलं काम आईंच्या नावावर द्यायचं नाही, एवढं ठरवलं होतं."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. म्हणजे माझं मन मोडायला लागलं असतं तरी ते तिने केलं असतं. माझ्या बायकोने नेमकं तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळच्या उजेडात तिने ती चपटी सुई घेतली. धाग्याखाली सुई, सुईखाली आपल्या तर्जनीचं नख, म्हणजे खालचा धागा दुखावू नये. एकेक धागा सुटत होता. सहा ओळी चार तासांत झाल्या होत्या, सुटायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागला. मला वाटलं होतं सुटलेले धागे ती बाजूला ठेवेल, जपून वगैरे. तिने ते ओल्या कापडात दाबले, वाफ दिली, सरळ केले आणि पुन्हा सुईत ओवायला माझ्याकडे दिले.

"हेच?"

"हेच. या रंगाचा दुसरा धागा नाही. आईंनी कोटाच्या आतल्या शिवणीतून काढला तेवढाच आहे. वाया घालवून चालणार नाही."

मी सुईत धागा ओवून दिला. दुपारपर्यंत चौदावी ओळ बसली. अंगठ्याचं नख तिने ओळीवर टेकवलं आणि हलकेच पुढे सरकवलं, आणि मला माहीत असलेला एक आवाज आला, लोकरीवर नख सरकल्याचा, सुस्कारा टाकल्यासारखा. या घरात सहा महिन्यांत तो झाला नव्हता. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो.

अकरा दिवसांत एकवीस ओळी झाल्या. रोज कामाला जायच्या आधी एक, आल्यावर एक, सुट्टीच्या दिवशी जास्त. शेवटची ओळ घातल्यावर तिने ओलं कापड पसरून वाफ दिली. कापड उचललं. ते ना फुगलं, ना आवळलं. मी उजेडाकडे नेलं, तिरकं धरलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. कुठे तेरावी संपली आणि कुठे चौदावी सुरू झाली, मला सांगता आलं नाही. तिला विचारलं.

"मलाही नाही," ती म्हणाली. "मगाशी होतं माहीत."

शाळेच्या बाई भावाला घेऊन आल्या. भाऊ जाडजूड, हसरा माणूस. त्याने कोट अंगात घातला, पोट आत ओढून बटण लावलं आणि आरशासमोर उभा राहिला. बाई त्याच्या छातीवर तळहात फिरवत होत्या, खिशाच्या वर, पुन्हा पुन्हा.

"इथेच होतं," त्या म्हणत होत्या. "मी स्वतः बोट घातलं होतं त्यात."

"भोक होतंच कुठे? तुला लहानपणापासून भास होतात," भाऊ म्हणाला.

"गप रे. अहो, दाखवा ना कुठे होतं."

सून मान हलवून हसली. "दाखवलं तर तुम्हाला लग्नभर तेवढंच दिसत राहील. नका विचारू."

बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. मग भावाला म्हणाल्या, "काढ आता, चुरगळेल." त्याने काढला नाही. तो कोट घालूनच जिना उतरला.

मी खिडकीतून पाहिलं. तो रस्ता ओलांडून, फळांच्या गाडीला वळसा घालून, बहिणीशी मोठमोठ्याने बोलत कोपऱ्यापर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. मला भीती होती की त्या क्षणी मला काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. चांगलं काम झालं होतं आणि ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं होतं.

मागे वळलो तर सुनेने चौकट पुसून ठेवली होती. त्या चौकटीत ती एक निळी पँट ताणत होती, गुडघ्याला खिळा लागून फाटलेली.

"ही कोणाची?"

"दुकानातल्या राखणदाराची. ही माझी आहे बाबा, पहिल्या ओळीपासून. बिघडली तर आईंचं नाव नाही, बोलणी मला."

"दिवा जवळ ओढून घे मग," मी म्हणालो, आणि तिच्यासमोरची खुर्ची घेऊन बसलो.